शंभर पाण्यांचं तूप

"वेदनेवर माणसाच्या स्पर्शाइतकं जुनं आणि खात्रीचं दुसरं औषध नाही."

हे वाक्य माझं आहे. बारा वर्षांपूर्वी एका गुरुवारी दुपारी साडेचारच्या सुमारास मिरजेच्या एका मंगल कार्यालयात मी ते उच्चारलं आणि समोरच्या साठ-सत्तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ होता. टाळ्या ओसरल्यावर मी खुर्चीत येऊन बसलो, तेव्हा शेजारचे अध्यक्ष माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "सर, तुपाचा वास कुठनं येतोय हो?"

"माझ्या हाताचा," मी म्हणालो.

त्यांना वाटलं, मी जेवून आलोय. खरं म्हणजे मी तूप धुऊन आलो होतो.

त्या उन्हाळ्यात माझी थोरली बहीण रत्नाक्का आमच्या घरी राहायला आली होती. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. शेडबाळला तिचं सासर. छातीचा कॅन्सर झाला, डावी बाजू ऑपरेशनने काढली, मग सलाईनमधून औषधं चढवून झाली, आणि आता पंचवीस दिवस 'लाईट', म्हणजे किरणांचे उपचार, घ्यायची होती. आठवड्याला पाच दिवस. हॉस्पिटल आमच्या घरापासून रिक्षाने सात मिनिटं. भावजी वारलेले, भाचा होसूरला नोकरीला, त्याची बायको बाळंतीण. तेव्हा भावाच्या घरी येण्यावाचून अक्काला इलाज नव्हता, पण ती उतरली मात्र माहेरपणाला आल्यासारखी. डाव्या हाताने वजन उचलायला बंदी होती. म्हणून कपड्यांची पिशवी तिने गाडीतल्या कुणा अनोळखी माणसाच्या हाती सोपवली होती आणि स्वतः उजव्या हातात घरच्या गाईच्या तुपाचा डबा धरला होता.

"तो पिशवी घेऊन पळाला असता तर?" मी विचारलं.

"पळू दे की. कपडे कुठंपण मिळतात. असलं तूप मिळतंय काय तुझ्या मिरजेत?"

डोक्यावर दोन बोटं केस उगवले होते. त्यावरून पदर घेऊन ती दारात उभी राहिली आणि मी वाकून नमस्कार केला. पायाला हात न लावता. त्या वेळी मला वाटलं, घाईत राहून गेलं.

माझी बायको विजया तेव्हा रत्नागिरीला बँकेत होती. शनिवारी यायची, रविवारी संध्याकाळी जायची. आठवडाभर घरात मी, अक्का आणि सकाळ-दुपार कामाला येणाऱ्या मालनबाई. दुसऱ्याच दिवशी मालनबाईंनी मला ओट्याजवळ गाठलं.

"सर, ताईंचा कप येगळा ठिवू का?"

"का?"

"न्हाई, त्या लाईट घ्यायला लागल्यात न्हवं? ते अंगातनं भाईर येतंय म्हंत्यात. मला पोरगी हाय घरात."

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. मी मालनबाईंना पंधरा मिनिटं समजावलं. यंत्रातून येणारे किरण शरीरातून आरपार जातात, आत काहीही शिल्लक राहत नाही, दिवा मालवला की खोलीत उजेड साठून राहतो का? मालनबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग "व्हय का," असं म्हणून माझ्या पायाखालचा केर काढला.

त्या रविवारी मी त्यावर लेख लिहिला. गावातल्या दैनिकात माझं 'टाचणी' नावाचं विनोदी सदर यायचं. मालनबाईंची मी गंगूबाई केली, आणि गंगूबाई कप वेगळा ठेवते, मग बशी, मग पाट, मग शेवटी स्वतःची सावली वेगळी ठेवते, असं रचत नेलं. लोक खूप हसले. पत्रं आली. गावातल्या एका विवेकवादी मंडळाने त्या वर्षीचा पुरस्कार मला जाहीर केला. तोच तो, शाल-नारळाचा.

अक्काची व्यवस्था मी जातीने केली होती. मागची खोली तिला दिली, कारण तिथे स्वतंत्र न्हाणीघर आहे आणि तिला मोकळेपणा मिळावा. तिचे कपडे वेगळे भिजवायला सांगितले, कारण आमच्या कपड्यांतले जंतू तिला लागू नयेत. मी बसायचो तो खिडकीपाशी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कारण तिथे वारा येतो. चहा मी स्टुलावर ठेवायचो, कारण गरम कप हातात देताना सांडतो. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण चांगलं होतं. मी तर्कशुद्ध माणूस आहे.

रिक्षात मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचो.

"सर, मागं जागा हाय की," तो पहिल्या दिवशी म्हणाला.

"नको. तिला धक्के लागतात."

"धक्के पुढंच ज्यादा लागत्यात," तो म्हणाला आणि सरकून बसला. सात मिनिटं मी अर्ध्या सीटवर लोंबकळत जायचो. मागे अक्का एकटी, महाराणीसारखी.

अक्काचा दिनक्रम ठरलेला. सकाळी अंघोळ करून देव्हाऱ्यापुढे जप, मग हॉस्पिटल, दुपारी झोप, दिवस मावळायच्या आत जेवण. आम्ही जैन, आमच्याकडे मावळल्यावर खात नाहीत. मी कधीच सोडलं होतं, अक्काने एक दिवस चुकवलं नव्हतं. जेवताना तिला गप्पा लागायच्या. मी खिडकीपाशी असायचो, म्हणून ती मालनबाईंना समोर बसवून घ्यायची.

"हे तुमचे सर," एकदा ती मालनबाईंना सांगत होती, "पाच वर्षांचे असताना यांना अशी खरूज झाली होती, बोटांच्या बेचक्यांतनं पू. गंधकाचं मलम आणलं अप्पांनी, आमच्या वडिलांनी. सकाळ-संध्याकाळ अंगभर चोळायचं. हा असा पळायचा! परड्यातनं धरून आणायची, मांडीखाली दाबायची अन् चोळायची. वास तर विचारू नका."

"मग ग्येली?"

"याची गेली की पंधरा दिवसांत."

"आन् तुमाला?"

"मला झाली ना मग. महिनाभर," अक्का म्हणाली आणि दोघी खोकला लागेपर्यंत हसल्या. मीही हसलो. विनोदी लेखकाला स्वतःवर हसता आलं पाहिजे.

तिसऱ्या आठवड्यात अक्काची कातडी भाजायला लागली. उन्हाने भाजते तशी आधी लाल, मग काळपट. काखेत जास्त. असं ती म्हणाली. मी पाहिलं नव्हतं. ती सैल पोलकं घालायची आणि डावा हात अंगापासून लांब, कमरेवर ठेवून चालायची. एखाद्या फौजदारासारखी.

"आग होते का फार?" मी खिडकीतून विचारलं.

"होते जरा. आतनं कुणी तवा धरल्यासारखी."

माझ्याने ते ऐकवेना. मी आमच्या कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक हुद्दार यांना विचारलं. हुद्दार म्हणाले, "शतधौत घृत. गाईचं तूप तांब्याच्या परातीत शंभर पाण्यांनी धुवायचं. लोण्यासारखं पांढरं आणि थंडगार होतं. दाहावर दुसरं काही नाही."

एरवी मी यावर 'टाचणी' लिहिली असती. पण त्या दिवशी मला त्यात एकदम तथ्य दिसलं. तूप आणि पाणी घोटलं की एकजीव होतात, त्यातलं पाणी हळूहळू उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. शास्त्र आहे. मी तांब्याची परात माळ्यावरून काढली आणि अक्काच्या डब्यातलं पावशेर तूप घेतलं.

अक्का दारात येऊन उभी राहिली. "नातवाच्या नावानं ठेवलं होतं ते," ती म्हणाली.

"तुझ्यासाठीच करतोय."

"किती वेळा धुणार?"

"शंभर."

तिने परातीत वाकून बघितलं. मग म्हणाली, "बरं. पाणी गाळून घे पण."

शंभर पाण्यांना सव्वादोन तास लागतात. तूप परातीत घ्यायचं, वाटीभर गार पाणी ओतायचं, तळव्याने गोल गोल घोटायचं, पाणी काढून टाकायचं. मोजायला मी शंभर चिंचोके घेतले होते; एक पाणी झालं की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. चाळिसाव्या पाण्याला तूप पांढरं पडतं. सत्तराव्याला साबणाच्या फेसासारखं हलकं होतं. एकदा मध्येच फोन आला आणि आकडा चुकला असं वाटलं, म्हणून मी पहिल्यापासून धरलं. चार दिवसांनी दुसरा हप्ता. मग दोन दिवसांनी तिसरा. स्टीलच्या छोट्या डबीत भरून, झाकण लावून मी ती अक्काच्या स्टुलावर ठेवायचो.

"लावतेस ना?"

"व्हय की."

शेजारच्या काकू गच्चीवरून बघायच्या. "भाऊ असावा तर असा," त्या म्हणाल्या. मी खाली मान घालून घोटत राहिलो. स्तुती ऐकताना हात थांबू नये.

चौथ्या आठवड्यातला बुधवार. लाईट घेऊन झाल्यावर अक्का बराच वेळ बाहेर आली नाही. मग लाईटच्या खोलीतल्या मेबल सिस्टर दारात आल्या. "या पेशंटबरोबर कोण आहे?"

मी उभा राहिलो.

"आत या. दाखवायचंय तुम्हाला."

"मी... इथून ऐकतो."

"ऐकायचं नाही, बघायचंय."

आत पडद्यामागे अक्का स्टुलावर पाठमोरी बसली होती. मी पडद्याच्या दांडीकडे बघितलं. दांडीला नऊ कड्या होत्या. सिस्टर सांगत होत्या, काखेच्या मागच्या बाजूला कातडी फुटली आहे, आता ओलं होणार, सकाळ-संध्याकाळ सलाईनच्या पाण्यात भिजवलेल्या गॉजने हळूच टिपून घ्यायचं, हे पांढरं मलम पातळ लावायचं, चोळायचं नाही. पुढून त्या स्वतः लावू शकतील, मागे हात पोचणार नाही.

"हे नीट केलं नाही तर चिघळेल. चिघळलं तर लाईट थांबवावी लागते. आणि मध्ये खंड पडलेला चांगला नसतो, सर. आजाराला तेवढीच सवड मिळते. कळलं?"

"हो."

"घरी करणारं कोण आहे?"

"भाऊ आहे की," अक्का पाठमोरीच म्हणाली.

संध्याकाळी पाच वाजता अक्काने हाक मारली. मी गेलो. ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती, पोलक्याची बाही उतरवलेली, पदराने बाकीचं झाकलेलं. स्टुलावर गॉज, सलाईनची बाटली, मलमाची ट्यूब, ओळीने. तिने स्वतःच मांडून ठेवलं होतं.

"भरत, मागं हात पोचंना रे. तेवढं लावतोस?"

"लावतो की. हात धुऊन येतो."

मी हात धुतले. साबणाने दोनदा, मग डेटॉलने. मग मला वाटलं, उघड्या जखमेला नुसते हात लावणं बरोबर नाही. मी तिला "आलोच" म्हणून चौकातल्या औषधाच्या दुकानात गेलो आणि रबरी हातमोजे आणले. मोठा नंबर नव्हता. लहान घालताना फाटला. दुसरा घातला, तोही अंगठ्यापाशी फाटला. मग मी स्वयंपाकघरात जाऊन बरणीतली लाकडी काडी घेतली, आइस्क्रीमची असते तशी चपटी, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवली, आणि ती घेऊन आलो. एव्हाना पाऊण तास झाला होता. अक्का तशीच बसून होती. खिडकीतून येणारं ऊन तिच्या पाठीवरून भिंतीवर गेलं होतं.

मी काडीच्या टोकाला मलम घेतलं आणि हात लांब केला. पूर्ण लांब केला. आपण होळीत लाकूड सारतो, तसा.

तेव्हा मी पहिल्यांदा ते बघितलं. तळहाताएवढी जागा होती. कच्ची, ओली, कडांना काळी. त्यावर तिने श्वास घेतला की बारीक चमक हलायची.

बाहेरून दिलेले किरण रुग्णाच्या शरीरात राहतात का, सकारण उत्तर द्या. हा प्रश्न मी वीस वर्षं परीक्षेत चार गुणांना घालत आलोय. उत्तर 'नाही' असं आहे. मला ते तेव्हाही येत होतं. माझ्या हाताला येत नव्हतं.

अक्काने मान वळवली. तिने आधी काडी बघितली, मग काडीच्या मागे असलेला माझा हात, मग त्याच्या मागे बराच लांब असलेला मी.

"असू दे," ती म्हणाली. "विजया शनिवारी येतीयच ना? ती लावील."

बुधवार होता.

"बरं," मी म्हणालो.

एवढंच. या 'बरं'ला किती वेळ लागला हे मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलंय. अजिबात लागला नाही. तिचं वाक्य संपायच्या आत तो निघाला होता. आणि मग, तिने बाही वर ओढून घेतली तेव्हा, मी म्हणालो, "उद्या ताजं तूप करतो."

"कर की," अक्का म्हणाली.

गुरुवारी मी कॉलेजातून रजा घेतली, सकाळी अक्काला हॉस्पिटलात नेऊन आणलं, आणि मग बसून शंभर पाणी केलं. एकशे एक केलं. तेवढ्यात गाडी न्यायला आली म्हणून हात नीट धुवायचे राहिले आणि तसाच समारंभाला गेलो. स्पर्शाचं ते वाक्य भाषणात लिहिलेलं नव्हतं. बोलता बोलता सुचलं.

शुक्रवारी डॉक्टरांनी स्वतः तपासलं. मी पडद्याच्या बाहेर होतो. कड्या नऊच होत्या.

"हे पिकलंय, आजी. बुधवारी एवढं नव्हतं. मलम लावलं का?"

"लावलं की."

"दोन्ही वेळा? मागच्या बाजूला?"

"दोन्ही वेळा. माझं अंगच मेलं नाजूक. लहानपणापासनं."

"सांगितलं तसं करत नाही तुम्ही लोक," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "अजून सहा राहिलेत. आता मला दहा दिवस थांबवावं लागेल. कुणाचं नुकसान आहे यात? माझं?"

"नाही डॉक्टर. चुकलं माझं."

पडदा आणि माझ्यामध्ये हातभर अंतर होतं. पडदा बाजूला करायला काही लागत नाही. तो कड्यांवर सरकतो. मी घसा खाकरला. आतून मेबल सिस्टरांनी विचारलं, "काय?"

"काही नाही," मी म्हणालो.

परतताना रिक्षात मी पुढे बसलो. मागून अक्का म्हणाली, "दहा दिवस सुट्टी. जिवाला बरंच की." रिक्षावाल्याने आरशात तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग त्याने नजर रस्त्यावर वळवली. तो रोज काहीतरी बोलायचा.

घरी मालनबाई भांडी घासत होत्या. अक्का तिच्या खोलीत गेली आणि थोड्या वेळाने आतून एक आवाज आला. रडण्याचा नव्हे. पोलकं चिकटलं असेल तर ते सोडवताना माणूस दात आवळून जो आवाज करतो, तो. मालनबाईंनी हात थांबवला. मी दाराजवळ उभा होतो. त्या उठल्या, नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसायला नको म्हणून स्वच्छ पंचा मागून घेतला आणि माझ्या अंगावरून आत गेल्या.

"आगं आई आई आई," आतून त्यांचा आवाज. "ताई, आवो सांगायचं न्हाई? सर, हुबं का? त्यो कापूस द्या हिकडं."

"गॉज," मी म्हणालो.

"जे काय आसंल ते."

मी दारातून बाटली पुढे केली. मालनबाई अक्काच्या मागे खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या. गॉज भिजवून हळूहळू टिपत होत्या, फुंकर घालत होत्या. फुंकर घालायची नसते, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. मग त्यांनी बोटावर मलम घेतलं. उघड्या बोटावर. अक्काचे खांदे वर चढले आणि थोड्या वेळाने खाली आले.

"गार वाटतंय?"

"वाटतंय," अक्का म्हणाली. डोळे मिटून. "मालन, तुला भीती न्हाई वाटत?"

"वाटतीया तर! रातच्याला झोप लागंना झालीया. तुमचा कप मी येगळाच ठिवलाय पयल्या दिसापासनं, सरांस्नी सांगू नका."

"सर हितंच हायत."

"आसू द्यात. घरी जाऊन डोक्यावरनं पानी घेती मी, मग पोरीला जवळ घेती." त्यांनी पुन्हा ट्यूब पिळली. "भ्या वाटतंय म्हून लावायचं न्हाई व्हय? लावायला तर लागंलच की कुनाला तरी."

अक्काने डावा हात थोडा वर उचलून धरला.

"आन् सर," मालनबाई मागे न बघता म्हणाल्या, "पोरगीनं वाचून दावलं मला पेपरातलं. ती गंगूबाई म्हंजी मीच न्हवं?"

"ते... तसं सगळ्यांवरच असतं," मी म्हणालो.

"सावलीचं लई हासलो आमी," त्या म्हणाल्या. "जरा सरका. उजेड अडवलाय तुमी."

पुढचे दहा दिवस मालनबाईंनी संध्याकाळीही येऊन दोन्ही वेळा मलम लावलं. शनिवारी विजया आली. तिने अक्काची पाठ बघितली, बाहेर आली आणि मला विचारलं, "तीन दिवस कोण लावत होतं?"

"कालपासून मालनबाई."

"आणि त्याच्या आधी?"

मी परातीपाशी बसलो होतो. बहात्तरावं पाणी चाललं होतं. विजयाने परातीकडे बघितलं, दोन वाट्यांतल्या चिंचोक्यांकडे बघितलं.

"परात नंतर चिंचेनं घासून ठेवा," ती म्हणाली. "हिरवी पडलीय."

जखम भरली. उरलेल्या सहा लाईट झाल्या. मधल्या दहा दिवसांचं काय होणार, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दर सहा महिन्यांनी अक्का तपासणीला आली की रिपोर्ट हातात पडेपर्यंत मी कॉलेजची जुनी बिलं लावत बसायचो. रिपोर्ट चांगले आले. पहिल्या वर्षी, तिसऱ्या वर्षी, पाचव्या वर्षी. 'टाचणी' मी त्याच पावसाळ्यात बंद केली. संपादकांना सांगितलं, डोळ्यांचा त्रास आहे.

अक्का आता एकोणसत्तर वर्षांची आहे. गेल्या दिवाळीनंतर शेडबाळला गेलो होतो. ती ओसरीवर सुपात शेंगा निवडत बसली होती. मागे फळीवर स्टीलच्या लहान डब्या ओळीने मांडलेल्या. जिरं, मोहरी, मेथ्या. मी त्या लगेच ओळखल्या.

"या आमच्या डब्या."

"तुझ्याच. तुपाच्या. आठ होत्या, एक हरवली."

मी थोडा वेळ शेंगा फोडल्या. मग विचारलं, "अक्का, खरं सांग. त्या तुपानं आग कमी व्हायची?"

"ते होय? ते मी लावलंच न्हाई."

"काय?"

"पयल्याच दिवशी मेबल सिस्टरनं बजावलं होतं. तेल नको, तूप नको, पावडर नको. फक्त त्यांनी दिलेलं."

"मग मला सांगायचं नाही? शंभर-शंभर वेळा..."

"सांगून काय करणार होते मी?" अक्का म्हणाली. "तुझं लहानपणापासनं तसंच. भ्यालास की काम काढतोस. अप्पा गेले त्या दिवशी घरात एवढी माणसं, अन् तू मागच्या दारी सायकल पुसत बसला होतास. चाकाची एकेक तार. सगळे म्हणत होते, बोलवा त्याला. मी म्हटलं, असू दे, पुसू दे."

सुपातली कुजकी शेंग तिने बाजूला टाकली. मी बारा वर्षं एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. भाषणातल्यापेक्षा बरं होतं.

"अक्का, त्या बुधवारी मी..."

"शेंगा खा," अक्का म्हणाली. "ह्या औंदाच्या हायत."

मी शेंगा खाल्ल्या. गोड होत्या.

"मग एवढ्या तुपाचं काय केलंस?" मी विचारलं. "टाकलंस?"

"टाकतेय कशी? मुंग्या चिकटून मरतील. हितं घेऊन आले सगळं, अन् देवापुढं लावत बसले. चार महिने पुरलं."

"जळलं?"

"कुठलं जळतंय. नुसतं तडतडायचं अन् विझायचं. पाणी राहतंय त्यात."